शेपटीकडून सुरू करा

जुलै उजाडला की आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी हमखास वाढतात. एक भिंतीवरची बुरशी, आणि दुसरी ‘ताई, प्लेटलेट बघूच्या आसत’ म्हणत दारात उभी राहणारी माणसं. डेंगी, लेप्टो, मलेरिया, तिघेही पावसाबरोबर आमच्याकडे वस्तीला येतात आणि तिघांतही प्लेटलेट खाली जातात. त्यामुळे ताप आणि प्लेटलेट 22,000 असं एकत्र दिसलं की डोकं आपोआप डेंगीकडे वळतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. हे लिखाण उरलेल्या वेळांसाठी आहे.

माझी लॅब मालवण तालुक्यात, खाडीपासून चार पावलांवर. एक खोली, एक थ्री-पार्ट काउंटर (पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजणारं मशीन), एक सेंट्रिफ्यूज, दोन मायक्रोस्कोप. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेली मुलं-मुली माझ्याकडे सहा-सहा महिने हात बसवायला येतात. मशीन त्यांना माझ्यापेक्षा चांगलं चालवता येतं. स्लाइड मात्र ओढता, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरता, येत नाही, आणि ओढली तरी वाचायचा कंटाळा. त्यांच्यासाठी एका वहीत लिहीत गेले होते, ते इथे सलग मांडते आहे. स्लाइडवर कच्च्या पेशी दिसल्या तर त्या कुठल्या पायरीवर अडकल्या आहेत ते कसं ओळखायचं, आणि त्यांना तिथे अडकवणारं जनुक नेमकं काय करतं, एवढाच विषय. रोग मुख्यतः एकच: अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया (एपीएल), रक्ताचा एक कर्करोग.

2009 च्या पावसाळ्यातला एक मुलगा आधी सांगून टाकते, म्हणजे मी इतकी मागे का लागते ते कळेल. वय 24, रापणीवर जाणारा. नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, प्लेटलेट 16,000, पांढऱ्या पेशी 1,700. त्या दिवशी माझ्यापुढे 40 ट्यूब होत्या. मशीनचा कागद काढला, सही केली, स्लाइड ओढली नाही. रिपोर्ट बघून सगळ्यांनीच डेंगी धरला. तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. त्याची ट्यूब अजून फ्रीजमध्ये होती. त्या शिळ्या रक्तातून मी उशिरा स्लाइड केली. पेशी फुगलेल्या, अर्ध्या फुटलेल्या, तरीही जे दिसायचं ते दिसलं. ते कोणाला दाखवून आता उपयोग नव्हता.

ओल्या हवेत स्लाइड

पुस्तकातली रीत कोरड्या गावासाठी लिहिलेली असते. आपल्याकडे तीच रीत वापरून निम्म्या स्लाइड फुकट जातात, म्हणून याच्यावर जरा रेंगाळते.

ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्त घेतल्यावर 2 तासांच्या आत स्लाइड ओढा. उशीर झाला की पेशींत पोकळ्या पडतात, केंद्रकाच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, आणि मग रोग कुठला आणि शिळेपणा कुठला हे सांगता येत नाही. थेंब कच्च्या साबुदाण्याएवढा घ्या, मोठा नको. स्प्रेडरचा कोन 30 ते 45 अंश. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त पाण्यासारखं पळतं, अशा वेळी कोन थोडा वाढवा आणि हात जरा चपळ ठेवा. एकाच दमात ओढायची, मध्ये थांबलात की पट्टे उमटतात. फिल्म स्लाइडच्या दोन-तृतीयांश भागात संपली पाहिजे आणि तिचं टोक पिसासारखं विरत गेलं पाहिजे. त्या टोकाला आपण शेपूट म्हणतो.

आता वाळवणं. आपल्याकडचा खरा घोटाळा इथेच होतो. श्रावणात स्लाइड तशीच टेबलावर ठेवली तर ती वाळत नाही, घामेजते. मग लाल पेशी वाळवी लागलेल्या लाकडासारख्या दिसतात. ओढल्या ओढल्या टेबल फॅनसमोर धरायची, पंखा आधीच चालू करून ठेवायचा. लाइट गेलेली असेल तर हातात धरून विंझणवाऱ्यासारखी हलवायची. फुंकर कधीही घालू नका, तोंडातली वाफ म्हणजे पाणीच.

वाळलेली फिल्म मिथेनॉलने काचेवर पक्की, म्हणजे फिक्स, करतात. हे मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. दिवसभर झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतलं मिथेनॉल संध्याकाळपर्यंत कामातून गेलेलं असतं, आणि त्यात फिक्स केलेल्या लाल पेशींत चकाकणारी कडी दिसतात. एका मुलीने ती कडी बघून मलेरिया लिहिला होता. मी मोठी बाटली कपाटात बंद ठेवते आणि त्यातलं थोडंसं छोट्या बाटलीत काढून आठवडाभर वापरते. लिशमनच्या, म्हणजे पेशी रंगवायच्या रंगाच्या, बाटलीलाही तोच नियम, कारण तोही मिथेनॉलमध्येच विरघळवलेला असतो.

लिशमन 2 मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफर, पीएच 6.8, ड्रॉपरच्या तोंडाने हलकेच ढवळल्यासारखं मिसळायचं (आपल्या तोंडाने नव्हे, एकाने विचारलं होतं), 10 मिनिटं, मग धुवायचं. बफर संपला म्हणून विहिरीचं पाणी वापरू नका. आमच्या जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याने स्लाइड लालभडक होते आणि दाणे दिसेनासे होतात. चांगली रंगलेली स्लाइड उजेडाकडे धरली की कोकमाच्या आगळात पाणी घातल्यासारखी दिसते. काळीनिळी दिसली तर पुन्हा करा.

आणि मायक्रोस्कोप. पावसाळ्यात लेन्सवर बुरशीची जाळी धरते. रात्री सिलिका जेल घालून झाकून ठेवा. याहून जास्त काही लिहीत नाही, पण एकदा ऑब्जेक्टिव्ह बदलायचा खर्च ऐकलात की विसरणार नाही.

पिकण्याची वाट

आंब्याची आढी सगळ्यांनी पाहिलेली असते. गवतावर कच्चे आंबे लावले की रोज थोडे-थोडे पिकत जातात. हात फिरवून जाणती बाई सांगते, हा आज, हा परवा, हा अजून चार दिवस. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशींची अशीच आढी लागलेली असते. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी, त्याच्या वाटेवर क्रम असा: मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड आणि शेवटी तीन-चार कप्प्यांच्या केंद्रकाचा पिकलेला न्यूट्रोफिल. रोज साधारण 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात, रक्तात काही तास फिरतात आणि संपतात. मायलोसाइटपर्यंत पेशी दुभंगत राहते. त्यापुढे दुभंगणं थांबतं आणि फक्त पिकणं उरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोळ्यांना ओळख पटवण्यासाठी तीन गोष्टी बघा. केंद्रक: कच्च्या पेशीत मोठं, गोल, रंगाने फिकट आणि मऊ, आत न्यूक्लिओलस दिसतो, पिकत जाईल तसं आक्रसतं, गडद होतं, वाकतं, तुटतं. पेशीतला रस: आधी निळा, पुढे गुलाबी. दाणे: मायलोब्लास्टमध्ये जवळपास नसतात, प्रोमायलोसाइटमध्ये जाडे, लालसर जांभळे, केंद्रकावरही सांडलेले असतात, मायलोसाइटपासून बारीक, फिकट, दुसऱ्या जातीचे दाणे येतात. वय सांगायचं तर दाण्यांवरून सांगा, आकारावरून नको. मशीन आकार मोजतं, वय विचारत नाही. तीन कप्प्यांचं मशीन या कच्च्या पेशी निमूटपणे ‘मिड’ किंवा ‘ग्रॅन’मध्ये टाकून मोकळं होतं.

निरोगी माणसाच्या रक्तात फक्त पिकलेला माल येतो, क्वचित एखादा बँड. कच्चा माल बाहेर दिसला तर पहिला प्रश्न असा विचारा: सगळ्या पायऱ्यांवर गर्दी आहे, की एकाच पायरीवर?

सगळ्या पायऱ्या भरलेल्या असतील, मायलोसाइट भरपूर, न्यूट्रोफिल त्याहून भरपूर, बेसोफिल उगाच वाढलेले, पांढऱ्या पेशी लाखावर, तर बीसीआर-एबीएलचा, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, विचार. 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल. तिथे जनुक पेशींना ‘वाढा, वाढा’ म्हणून पुढे रेटतं, पण पिकायला आडकाठी करत नाही. आढी पाचपट मोठी, पण आंबे पिकताहेत. हा माणूस डॉक्टरकडे आठवड्याभरात पोचला तरी सहसा चालतं.

एकाच पायरीवर गर्दी आणि पुढे सगळा दुष्काळ, ही वेगळी गोष्ट. त्यातही ती पायरी प्रोमायलोसाइटची असेल तर हातातलं बाकीचं काम खाली ठेवा.

शेपटीकडून

मुलं ऑइल लावून, म्हणजे सगळ्यात मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर, थेट मधोमध बसतात आणि 100 पेशी मोजायला घेतात. रोजच्या डिफरन्शियलला (पेशींच्या जातवार मोजणीला) ते ठीक. पण जड, मोठ्या पेशी ओढताना फरफटत शेपटीकडे आणि कडेला जातात. म्हणून आधी 10 च्या ऑब्जेक्टिव्हने शेपूट आणि दोन्ही कडा फिरून या. संशयास्पद मोठं काही दिसलं तर 40, मग ऑइल. शेपटीतल्या पेशी ताणलेल्या असतात, त्यामुळे निदान तिथे करायचं नाही. फक्त ‘घरात कोणीतरी आहे’ एवढं कळून घ्यायचं आणि मग नीट पसरलेल्या भागात शोधायचं.

पांढऱ्या पेशी 2,000 च्या खाली असतील तर अख्ख्या स्लाइडवर मोजायला पेशीच मिळत नाहीत, आणि हा रोग नेमका असाच येतो: पेशी कमी, म्हणून कोणाला ल्युकेमियाची शंकाही येत नाही. अशा वेळी ट्यूब सेंट्रिफ्यूज करा, लाल थरावरची पांढरट साय अलगद उचला आणि तिची स्लाइड करा. याला बफी कोट म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी एक बाई, वय 32, सोबत भाऊ. चिठ्ठीवर ‘सीबीसी, डेंगी एनएस1’, म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि डेंगीची चाचणी. सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून धरला तरी रक्त थांबेना. दंडावर पट्टा बांधला होता तिथे लाल बारीक ठिपके उठले.

‘हिरड्यातून रगत येता गे?’ मी विचारलं.

‘चार दिस झाले. ब्रश जोरात लागलो आसतलो, असा वाटला.’

हिमोग्लोबिन 8.1, पांढऱ्या पेशी 1,400, प्लेटलेट 14,000. एनएस1 निगेटिव्ह. पहिली स्लाइड घामेजली, टाकून दिली. दुसरी फॅनसमोर धरली. शेपटीत तीन मोठ्या पेशी दिसल्या. बफी कोट केला आणि ऑइलखाली घेतला.

पहिल्या पेशीचं केंद्रक मधोमध दबलेलं, दोन काजूबिया पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तसं. रस दिसतच नव्हता, इतके दाणे, आगळाच्या रंगाचे, केंद्रकावर चढलेले. दुसरी तशीच. तिसरी शोधायला स्टेज थोडं सरकवलं आणि ती सापडली: पेशीच्या आत लालसर काड्या, एक नाही, दहा-बारा, एकमेकींवर आडव्या पडलेल्या, रानातून आणलेली फाट्यांची मोळी अंगणात टाकावी तशा. या काड्यांना ऑर रॉड म्हणतात. प्रोमायलोसाइटचे दाणेच एकमेकांना चिकटून त्या बनतात. एकटीदुकटी काडी इतर मायलॉइड ल्युकेमियातही दिसते. पण मोळी दिसली की अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल, हे मनात धरूनच हालचाल करायची. पुस्तकात त्या पेशीला ‘फॅगट सेल’ म्हणतात. तो इंग्रजी शब्द म्हणजे मोळीच. आपण मोळीच म्हणावं.

एक फसवा भाऊही आहे. त्यात दाणे इतके बारीक असतात की दिसतच नाहीत, पांढऱ्या पेशी उलट खूप वाढलेल्या असतात, आणि पेशी मोनोसाइटसारख्या वाटतात. तिथे दोन बियांचं केंद्रक हीच खूण. शंभर पेशी बघितल्यात तर एखादी दाणेदार सापडतेच बहुधा. शोधा.

जनुक काय करतं

नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी 1957 मध्ये हा रोग तीन रुग्णांवरून वेगळा ओळखला. 1977 मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशींत 15 आणि 17 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले असतात. 1990-91 च्या सुमारास त्या तुटलेल्या टोकांवर कोणती जनुकं आहेत ते कळलं: 15 वर पीएमएल, 17 वर आरएआरए. दोन्ही तुमच्या-माझ्यात असतात आणि निमूट आपापलं काम करत असतात. घोटाळा होतो तो दोघांची गाठ पडून एकच जोडप्रथिन तयार झाल्यावर.

आरएआरए म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या आम्लाचा, रेटिनॉइक अ‍ॅसिडचा, ग्राहक (रिसेप्टर). तो डीएनएवर ठरावीक जागी, आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर बसतो. आम्ल नसेल तेव्हा तो आपल्याभोवती अडवणाऱ्या प्रथिनांचा गराडा धरून ठेवतो आणि शेजारची जनुकं बंद राहतात. आम्ल आलं की त्याचा आकार बदलतो, गराडा सुटतो, उघडणारी प्रथिनं येतात, जनुकं बोलू लागतात. त्यांतलं एक सी-ईबीपी-एप्सिलॉन. प्रोमायलोसाइटपुढची वाट, ते बारीक, दुसऱ्या जातीचे दाणे, त्याच्यावाचून नीट होत नाहीत. पायरी नेमकी तिथेच का अडते, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

जोडप्रथिन तीच जागा बळकावतं, पण एकटं नाही. पीएमएलच्या बाजूने ते आपल्यासारख्यांना चिकटून पुंजका करतं आणि अडवणाऱ्यांना घट्ट मिठी मारून बसतं. शरीरात आम्लाचं जे रोजचं चिमूटभर प्रमाण असतं, त्याने साधा ग्राहक हलतो, हा हलत नाही. पेशी पिकण्याचा निरोप घेऊन दाराशी येते, दार उघडत नाही. आणि मघाशी म्हटलं ते आठवा: मायलोसाइटच्या पुढे गेल्याशिवाय दुभंगणं थांबत नाही. म्हणजे अडकलेली पेशी नुसती कच्ची राहत नाही, कच्च्या पेशींची संख्याही वाढवत बसते.

मुलं इथे हमखास एक चूक करतात. म्हणतात, आरएआरए बिघडलं म्हणून पेशी पिकत नाही. तसं नाही. उंदरांत हे जनुक पुरतं काढून टाकलं तरी न्यूट्रोफिल तयार होतात. ग्राहक नसला तरी चालतं. अडवून बसलेला ग्राहक चालत नाही.

म्हणून उपायही दार उघडण्याचा आहे. शांघायमध्ये वांग झेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड, म्हणजे अ‍ॅट्रा, तोंडाने द्यायला सुरुवात केली. 1988 मध्ये त्यांनी 24 रुग्णांचा अहवाल छापला, त्यातले 23 नुसत्या या गोळ्यांवर आटोक्यात आले. मगज जाळून रिकामा न करता. मात्रा इतकी मोठी की त्या हट्टी जोडप्रथिनालाही मिठी सोडावी लागते. पेशी पुढच्या पायऱ्या चढते, न्यूट्रोफिल होते आणि न्यूट्रोफिलच्या आयुष्याप्रमाणे संपते. दुसरं औषध सोमल, आर्सेनिक ट्रायऑक्साइड, हेही चीनमधूनच आलं. ते जोडप्रथिनाच्या पीएमएलच्या बाजूला चिकटतं आणि पेशीची मोडीत काढणारी यंत्रणा ते प्रथिनच फाडून टाकते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नुसत्या सोमलावर 72 रुग्णांचे अनुभव 2006 मध्ये प्रसिद्ध केले. 2013 मध्ये इटली आणि जर्मनीतल्या मोठ्या तुलनेतून कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांत अ‍ॅट्रा आणि सोमल ही जोडी अ‍ॅट्रा आणि केमोथेरपीच्या बरोबरीने, किंबहुना सरस ठरली.

या जोडप्रथिनाचे चुलतभाऊही आहेत. आरएआरएची गाठ 11 नंबरवरच्या पीएलझेडएफशी पडली तर अ‍ॅट्राचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून स्लाइडवर कितीही खात्री वाटली तरी फिश किंवा पीसीआरने जनुकाची खातरजमा लागतेच. फक्त पहिली गोळी त्या रिपोर्टसाठी थांबत नाही.

फोन

वेळ इथेच जातो. या पेशी रक्त गोठवणारे आणि गुठळी विरघळवणारे, दोन्ही पदार्थ बाहेर सोडतात. शरीरातला साठा संपतो आणि माणूस कुठूनही रक्त सांडू लागतो. सुरुवातीच्या दिवसांत माणसं मरतात ती बहुतेक रक्तस्रावाने, मेंदूत झाला तर हाताशी तासही नसतात. त्यामुळे रिपोर्ट टाइप करून नातेवाइकाच्या हाती देऊ नका. डॉक्टरांना फोन करा, स्वतः, ताबडतोब. वाक्य तयार ठेवा: ‘पॅनसायटोपेनिया आहे, स्लाइडवर ऑर रॉडच्या मोळ्या असलेले प्रोमायलोसाइट आहेत, एपीएलची शंका आहे, पीटी, एपीटीटी आणि फायब्रिनोजेन लावते.’ (पॅनसायटोपेनिया म्हणजे तिन्ही जातींच्या पेशी कमी; शेवटच्या तीन रक्त गोठण्याच्या चाचण्या.) ‘कदाचित’, ‘जरा वेगळं वाटतंय’ असलं मऊ बोललात तर पलीकडून ‘उद्या रिपीट करू’ येतं. रिपीट करायचं नाही, हलवायचं. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन नको, डायक्लोफिनॅक नको, हेही बोलून घ्या. तुम्हाला औषध सुचवायचा अधिकार नाही. पण दिसलं ते मोठ्याने सांगण्याचा आहे.

त्या काजूच्या कारखान्यातल्या बाईच्या वेळी मी डॉक्टरांना मायक्रोस्कोपच्या आयपीसवर मोबाइल धरून काढलेला फोटो पाठवला. फोटोसाठी कंडेन्सर वर घ्या, झूम करू नका. ट्यूब, दोन न रंगवलेल्या स्लाइड (मिथेनॉलमध्ये फिक्स करून, टिश्यूत गुंडाळून) आणि एक रंगवलेली सोबत दिली. ट्यूबवर वेळ लिहिली. त्या रात्री 11 वाजता ती बाई गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचली होती आणि पहाटेच्या आधी पहिली मात्रा पोटात गेली होती.

भावाने निघताना विचारलं, ‘ताई, आमच्या घराण्यात कोणाक नाय, मगे हिका खयसून?’ याचं उत्तर पाठ करून ठेवा. ही अदलाबदल जन्मापासूनची नसते, आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही, एका ताटात जेवून लागत नाही. एका पेशीत, कधीतरी, दुभंगताना झालेली चूक. का झाली ते विचारू नये; बहुतेक वेळा त्याला उत्तर नसतं.

पिकताना

सतराव्या दिवशी मी तिला बघायला गेले. वॉर्डात ती उठून बसली होती. मधल्या काळात तिच्या पांढऱ्या पेशी 1,400 वरून 19,000 वर गेल्या होत्या, ताप आला होता, धाप लागली होती, वजन वाढलं होतं. घरचे घाबरले होते, औषध उलटलं म्हणून. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात: अडलेला सगळा माल एकदम पिकायला लागला की त्यातून निघणाऱ्या रसायनांनी फुप्फुसात पाणी झिरपतं. डेक्सामिथॅसोन लगेच सुरू केलं होतं, उतार पडला होता. लॅबवाल्यांनी यातून एकच शिकायचं: अ‍ॅट्रावर असलेल्या रुग्णाच्या पेशी वाढल्या म्हणजे रोग उलटला असं रिपोर्टवर लिहून मोकळं होऊ नका. आकडा तातडीने कळवा आणि स्लाइड बघा.

तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला दोन तोंडांच्या मायक्रोस्कोपवर बसवलं. ती आदल्या दिवशीची स्लाइड होती. मायलोसाइट होते, मेटामायलोसाइट होते, ओबडधोबड बँड होते. प्रोमायलोसाइट विरळ. मग त्यांनी बाण एका पेशीवर आणून थांबवला. केंद्रक तीन कप्प्यांचं, गडद, रस गुलाबी: चांगला पिकलेला न्यूट्रोफिल. आणि त्याच्या पोटात एक लाल काडी.

मी दोनदा फोकस हलवून पाहिलं. काडी काचेवरची धूळ नव्हती. साध्या, निरोगी पेशीतून पिकलेल्या न्यूट्रोफिलमध्ये ऑर रॉड असायचं कारणच नाही. म्हणजे ही पेशी तीच, सतरा दिवसांपूर्वी मोळी घेऊन शेपटीत अडकलेल्यांपैकी. मेली नव्हती, कोणी तिच्या जागी आलं नव्हतं. पिकली होती.

तिच्या आईने दारात मला गाठलं. डॉक्टरांनी औषधाचा संबंध ‘अ’ जीवनसत्त्वाशी सांगितला होता, आणि तिच्या मनात हिशेब चालू होता. ‘मगे हापूस खाल्लो तर? नायतर मोरीचा त्याल?’ हिशेब अगदीच खोटा नाही. आंब्यातल्या केशरी रंगातून ‘अ’ जीवनसत्त्व बनतं, मोरीच्या यकृतात ते मुबलक असतं, आणि त्यातून थोडं आम्लही बनतं. पण ते चिमूटभर, आणि चिमटीने हे दार उघडत नाही हे वर सांगितलंच. उलट जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल अ‍ॅट्राबरोबर घेतल्या तर डोकं दुखण्यापासून त्रास वाढतो. ‘आंबो खाऊ दे, डॉक्टरांक विचारून, चवीसाठी,’ मी म्हटलं. ‘औषध म्हणान नको.’ मूल होण्याच्या वयातल्या बाईला अ‍ॅट्रा देताना गर्भाची काळजी वेगळी घ्यावी लागते, तेही कोणीतरी बसून समजावून सांगायला हवं होतं. ते काम वॉर्डातल्या सिस्टरनी केलं.

आता ती दर तीन महिन्यांनी येते. मशीनचा कागद काढल्यावर मी स्लाइड ओढतेच, कोणी सांगितलं नसलं तरी. तिची पहिली बफी कोटची स्लाइड पेटीत आहे. लिशमन फिकटला आहे, कडेला बुरशीचा एक धागाही आला आहे, पण मोळी अजून दिसते. नवीन कोणी लॅबमध्ये आलं की ती स्टेजवर लावते, काही न सांगता. बहुतेक जण ऑइलची बाटली उचलतात आणि मधोमध बसतात. त्यांच्या हातातून बाटली काढून घ्यावी लागते.